पायांची मुदत

नेटलगत जमिनीकडे झेपावणारं शटल उचलायला एकेरीचा खेळाडू जो शेवटचा लांब पाय टाकतो, त्याला लंज म्हणतात. आधी टाच टेकते, मग तळवा. गुडघा पुढे वाकतो आणि मागून धावत आलेलं सगळं शरीर त्या एका पायावर येऊन थांबतं. थांबतं तेही निमिषभर, कारण त्याच पायाने स्वतःला मागे ढकलून कोर्टाच्या मध्यावर परतायचं असतं. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. पाहणाऱ्यांचं लक्ष तेव्हा वर असतं: मनगटाची हलकी फिरकी, नेटच्या पट्टीला घासून पलीकडे ओघळलेलं शटल, टाळ्या. मी अलीकडे सामना बघताना खाली बघते. बॅडमिंटनपटूची कारकीर्द पायांत मोजली जाते, ही माझी समजूत सामने पाहावेत तसतशी पक्की होत चालली आहे.

याचं कारण खेळाच्या घडणीतच आहे. टेनिसमध्ये चेंडूला टप्पा मिळतो, धावणाऱ्याला तेवढी उसंत मिळते. इथे टप्पा नाही. शटल जमिनीला लागलं की गुण गेला. सोळा पिसांचं, जेमतेम पाच ग्रॅमचं शटल रॅकेटवरून सुटतं तेव्हा भयंकर वेगात असतं. भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा, म्हणजे वरून जोरात खाली मारलेल्या फटक्याचा, वेग २०२३ मध्ये एका खास चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. पण पिसांना हवा अडवते आणि पुढच्याच क्षणी तो वेग ओसरू लागतो. हात उचलण्याच्या एकाच ढबीतून कधी स्मॅश येतो, कधी नेटपाशी मरून पडणारा ड्रॉप, आणि समोरच्याला दोन्हींची तयारी ठेवावी लागते. ६.७ मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद अशा आपल्या बाजूत तो सतत सुटतो, थांबतो, वळतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. धावण्यापेक्षा हे थांबणं शरीराला महाग पडतं.

मी सकाळच्या सत्रात लहान मुलांना फीडिंग करते. पिसं मोडलेल्या जुन्या शटलांची टोपली शेजारी ठेवायची आणि एकामागून एक शटल कोर्टाच्या सहा कोपऱ्यांत, म्हणजे पुढे, मध्ये आणि मागे दोन्ही बाजूंना, टाकत राहायचं. मूल धावतं, मारतं, परत येतं, पुन्हा धावतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे पाय थकत नाहीत हे मी रोज बघते. कुठे जायचं हे मात्र त्यांना कळत नाही. शटल डावीकडे गेल्यावर ती डावीकडे निघतात. ते डावीकडे जाणार हे प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून आधीच ओळखायला पुढची दहा-बारा वर्षं लागतात, आणि ते नीट जमू लागतं तेव्हा पायांची मुदत संपत आलेली असते. हे दोन्ही एकाच वेळी हाताशी असण्याचा काळ फार थोडा. कारकीर्द म्हणतात ती खरं तर तेवढीच. बाकीची वर्षं आधीच्या तयारीची नाहीतर नंतरच्या डागडुजीची.

एकदा एका मुलीच्या वडिलांनी सत्र संपल्यावर विचारलं, “मॅडम, हिचं यात करिअर होईल का?” मुलगी गुणी आहे. पण या प्रश्नाला ‘हो’ म्हणताना माझी जीभ अडखळते. २०२५ च्या फेब्रुवारीत माजी खेळाडू आणि प्रशिक्षक पुल्लेला गोपीचंद यांनी जाहीरपणे सांगितलं, की घरची सांपत्तिक बाजू भक्कम नसेल तर मुलांना खेळात घालू नका असं मी पालकांना सांगतो. अनेकांना ते खटकलं. मला ते कठोर वाटलं तरी खोटं वाटलं नाही. ज्या माणसाने २००८ मध्ये अकादमी उभी केली, ज्याच्या हाताखालून सायना, सिंधू, श्रीकांत घडले, त्याने ही शिडी वरून खालपर्यंत पाहिलेली आहे. वर पोचलेल्या मोजक्यांपलीकडे अधल्यामधल्या पायऱ्यांवर किती जण थांबले, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ती शिडी कशी आहे ते सांगायला हवं. २०१८ पासून व्यावसायिक बॅडमिंटन वर्ल्ड टूर या वर्षभराच्या स्पर्धामालिकेवर चालतं. सर्वांत वर सुपर १०००, खाली ७५०, ५००, ३०० आणि १००. त्याच्याही खाली इंटरनॅशनल चॅलेंज, सीरिज आणि फ्युचर सीरिज. मागच्या बावन्न आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांच्या गुणांवर क्रमवारी ठरते. सुपर १००० स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ३,००० गुण मिळतात. इंटरनॅशनल सीरिज स्पर्धा सरळ जिंकणाऱ्याला २,५००. खालचा खेळाडू आठवडाभर एकही सामना न हरता जे कमावतो, त्याहून जास्त वरचा खेळाडू एक सामना हरून नेतो. वर जायचं तर वरच्या स्पर्धांत प्रवेश हवा, प्रवेशासाठी क्रमवारी हवी, आणि क्रमवारीसाठी या छोट्या स्पर्धा एका देशातून दुसऱ्या देशात हिंडत खेळायच्या. विमानाची तिकिटं, राहणं, रॅकेटचं गटिंग म्हणजे तारा बांधणं, शटलचे डबे, शक्य झालं तर सोबत फिजिओ. बक्षिसाची रक्कम पाच प्रकारांत वाटली जाते, दुहेरीत ती पुन्हा दोघांत. क्रमवारीत साठाव्या क्रमांकावर असणं म्हणजे जगातल्या कोट्यवधी खेळणाऱ्यांत साठावं असणं. तरी त्या क्रमांकावर नुसत्या बक्षिसांवर घर चालवणं अवघड.

प्रत्येक देशाने यावर आपापली वाट काढली आहे. जपानमध्ये मोठ्या कंपन्यांचे संघ आहेत आणि खेळाडू त्या कंपनीचा कर्मचारी असतो. चीनमध्ये प्रांतांचे संघ मुलांना लहानपणीच उचलतात. डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्समध्ये क्लबांच्या लीग आहेत. तिथे आठवड्याच्या शेवटी सामने खेळून पुष्कळ परदेशी खेळाडू आपला पुढचा दौरा भागवतात. आपल्याकडे सरकारी तेल कंपन्यांनी कित्येक वर्षं खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. या व्यवस्था नसत्या तर टीव्हीवर दिसणारे निम्मे चेहरे आपल्याला कधी दिसलेच नसते.

सुपर १००० च्या ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या यादीत, एकेरीची बत्तीस नावं असतात. रविवारपर्यंत त्यांतली एकतीस हरलेली असतात. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या शहरात त्यांतलेच बहुतेक जण पुन्हा पहिली फेरी खेळायला उभे राहतात. मला मंगळवार-बुधवारचे हे सामने आवडतात, बाजूच्या कोर्टावरचे, रिकाम्या खुर्च्यांसमोरचे. तिथे पंचविशी ओलांडलेला खेळाडू विशीतल्या पोराशी खेळताना काय करतो ते बघण्यासारखं असतं. तो रॅली, म्हणजे एका गुणासाठीची फटक्यांची देवाणघेवाण, लांबवत नाही. सर्व्हिसआधी टॉवेल घेतो, शटल बदलून मागतो, उंच टॉस टाकून, म्हणजे शटल उंच मागे उडवून, श्वास मिळवतो. हॉलमधला वातानुकूलनाचा झोत कोणत्या बाजूकडून वाहतो हे त्याने सरावातच ताडलेलं असतं, आणि त्या बाजूकडून खेळताना तो शटल मुद्दाम आखूड ठेवतो. पोरगं सगळीकडे धावतं. म्हणून कधी पोरगं जिंकतं, कधी हा.

समजेने खेळण्याचा विषय निघाला की माझ्या मनात पहिलं नाव प्रकाश पदुकोण यांचं येतं. १९८० ची ऑल इंग्लंड, बॅडमिंटनमधली जुनी मानाची स्पर्धा. समोर इंडोनेशियाचा लिएम स्वी किंग, १९७८ आणि १९७९ चा विजेता, उडी मारून मारलेल्या स्मॅशसाठी जगभर दरारा असलेला. वय दोघांचंही चोवीस. पदुकोण यांनी किंगला हवा तो वेगवान खेळ दिलाच नाही. उंच टॉस, अचूक ड्रॉप, आणि तो हाफ स्मॅश, जो पूर्ण जोराचा वाटतो आणि निम्म्या वेगाने येतो. निकाल १५-३, १५-१०. पायांच्या ऐन बहरात इतकी समज असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि मला ते विजेतेपद त्यासाठीच मोठं वाटतं. पुढे त्यांनी डेन्मार्कमध्ये राहून सराव केला, कारण रोज तुल्यबळ सोबती मिळाल्याशिवाय दोन्ही गोष्टी टिकणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं.

गोपीचंद यांना २००१ मध्ये तेच विजेतेपद मिळालं ते सत्ताविसाव्या वर्षी, गुडघ्याच्या दुखापती आणि शस्त्रक्रिया सोसून. उपांत्य फेरीत पीटर गेड, अंतिम फेरीत चेन हाँग, १५-१२, १५-६. त्यानंतर त्या उंचीवर फार काळ राहणं शरीराने होऊ दिलं नाही. दोघांच्या मध्ये एकवीस वर्षांचं अंतर आहे. त्यांच्यानंतर आजवर भारताच्या कोणालाही ते विजेतेपद मिळालेलं नाही.

२००६ मध्ये गुणपद्धती बदलली, ते माझ्या मते पायांच्या बाजूने झालं. आधी सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. सर्व्हिस जाई, परत येई, फळा हलत नसे, आणि त्या अवकाशात जाणता खेळाडू सामन्याची चाल बदलून टाकू शके. आता एकवीसचा गेम आणि प्रत्येक रॅलीला गुण. विचार करायला जागा आहे, पण ती धावता धावता शोधावी लागते.

२०१७ ची ग्लासगोची जागतिक अंतिम फेरी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. सिंधू आणि जपानची नोझोमी ओकुहारा, दोघीही बावीस वर्षांच्या. ११० मिनिटं चाललेला सामना. दुसऱ्या गेमच्या शेवटी ७३ फटक्यांची एक रॅली आहे, आणि ती संपल्यावर दोघी ज्या तऱ्हेने ओणव्या होऊन श्वास घेतात ते पाहून माझ्याच छातीत दुखतं. १९-२१, २२-२०, २०-२२. सिंधू हरली. पुढच्या वर्षीही ती अंतिम फेरीत हरली, या वेळी स्पेनच्या कॅरोलिना मारिनकडून. आणि २०१९ मध्ये बाझलला त्याच ओकुहाराला तिने २१-७, २१-७ असं ३८ मिनिटांत हरवलं. लोक म्हणाले, केवढा आक्रमक खेळ. मला त्यात हिशेब दिसला. एकशेदहा मिनिटांची झुंज या प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा घ्यायचीच नाही, रॅली तिसऱ्या-चौथ्या फटक्यात संपवायची, हे त्या दोन पराभवांनी शिकवलं होतं आणि ते अमलात आणायला पाय अजून शाबूत होते. चोविसावं वर्ष. पायांची आणि समजेची अशा दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात ते हेच ठिकाण.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली लक्ष्य सेन उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसेनसमोर होता. लक्ष्य बावीस वर्षांचा, अ‍ॅक्सेलसेन तीस. पहिल्या गेममध्ये लक्ष्य २०-१७ पुढे, दुसऱ्यात ७-० पुढे. दोन्ही गेम गेले, २२-२०, २१-१४. दुसऱ्या दिवशी कांस्यपदकाच्या सामन्यातही पहिला गेम जिंकून तो मलेशियाच्या ली झी जियाकडून हरला. त्या आठवड्यात त्याच्यावर जे कठोर बोललं गेलं ते मला पटलं नाही. ७-० ने मागे असताना अ‍ॅक्सेलसेन घाबरला नाही, कारण अशा कितीतरी आघाड्या त्याने जाताना आणि येताना पाहिल्या होत्या. ते बघणं बाविसाव्या वर्षी उसनं आणता येत नाही. तिथे तिशीतला अ‍ॅक्सेलसेन जिंकला याचं आश्चर्य वाटण्यापेक्षा, त्याचे पाय तिशीतही तसे होते याचं वाटायला हवं. आदल्याच वर्षी कोपनहेगनमध्ये, अ‍ॅक्सेलसेनच्याच मायदेशी, भारताच्या एकतीस वर्षांच्या प्रणॉयने त्याला हरवून जागतिक स्पर्धेतलं कांस्य मिळवलं होतं. असे अपवाद असतात, आणि ते पाहताना मला भरून येतं.

कॅरोलिना मारिनबद्दल लिहायचं टाळत होते, पण तिच्याशिवाय हे अपुरं राहील. रिओ ऑलिंपिकचं सुवर्ण, तीन जागतिक विजेतेपदं. २०१९ च्या जानेवारीत इंडोनेशियात सायनाविरुद्ध अंतिम सामना खेळताना तिच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्याच वर्षी ती परतली आणि जिंकलीही. २०२१ मध्ये टोकियोच्या तोंडावर डाव्या गुडघ्याचं तेच झालं आणि ऑलिंपिक हुकलं. पॅरिसला ती एकतीस वर्षांची होती. उपांत्य फेरीत चीनच्या हे बिंगजियाओ या खेळाडूविरुद्ध पहिला गेम २१-१४, दुसऱ्यात १०-६. त्या दिवशी तिच्याकडे सगळं होतं. खेळ तिच्या कह्यात होता, ओरडणं नेहमीसारखं होतं, अंतिम फेरी अकरा गुणांवर होती. एक पाय टेकला आणि पुन्हा उजवा गुडघा. ब्रेस बांधून ती उभी राहिली, दोन रॅली खेळून पाहिल्या, आणि मग कोर्टावर बसून रडली. बिंगजियाओ नंतर पदक घ्यायला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात स्पेनचा छोटा बिल्ला होता. तिला कळलं होतं की आपण त्या सामन्यात कोणाला हरवलेलं नाही.

सुवर्ण मिळालं दक्षिण कोरियाच्या आन से-यंगला, बावीस वर्षांच्या मुलीला. आदल्या वर्षी आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ती दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळून जिंकली होती. ऑलिंपिक सुवर्ण गळ्यात पडल्या पडल्या, आपली दुखापत नीट हाताळली गेली नाही असं तिने आपल्या संघटनेबद्दल उघडपणे सांगितलं. काहींना ती वेळ चुकीची वाटली. मला ती योग्य वाटते. पायांची मुदत ज्याची त्याला माहीत असते, आणि ज्या दिवशी जग ऐकतं आहे त्याच दिवशी बोलावं लागतं.

जपानच्या केन्तो मोमोताचं दुःख वेगळ्या जातीचं आहे. २०१८ आणि २०१९ चा जागतिक विजेता, २०१९ या एका वर्षात अकरा विजेतेपदं. त्याच्या खेळात धावपळ दिसायचीच नाही. शटल जिथे येणार तिथे तो आधीच उभा असायचा. दोन्ही रेषा जुळल्या होत्या आणि वय होतं पंचवीस. २०२० च्या जानेवारीत मलेशिया मास्टर्स जिंकून विमानतळाकडे जाताना त्याच्या गाडीला अपघात झाला. चालक गेला. मोमोताच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं हे पुढे सरावात एक वस्तू दोन दिसू लागली तेव्हा लक्षात आलं. शस्त्रक्रिया झाली, तो परतला, पुढे एक मोठी स्पर्धा जिंकलीही. पण टोकियोत, घरच्या ऑलिंपिकमध्ये, गटसाखळीतच हरला, आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त झाला. शटल सेकंदाच्या किती बारीक अंशात ओळखावं लागतं याचा विचार केला की त्या दोन दिसणाऱ्या प्रतिमांनी काय हिरावलं ते कळतं.

मलेशियाच्या ली चोंग वेईला यातलं काही झालं नाही. क्रमवारीत तो एकूण ३४९ आठवडे पहिला होता. तीन ऑलिंपिक रौप्यं, सुवर्ण एकही नाही, जागतिक विजेतेपद एकही नाही. रिओत तेहतिसाव्या वर्षी चीनच्या लिन डानला उपांत्य फेरीत २२-२० असा तिसरा गेम घेऊन हरवलं आणि अंतिम सामन्यात चेन लाँगकडून हरला. पुढे कर्करोगावर उपचार आणि २०१९ मध्ये निवृत्ती. त्याच्या कारकिर्दीला अपुरी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. ३४९ आठवडे म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त काळ जगातल्या प्रत्येक खेळाडूने झोपण्याआधी त्याला हरवायचा विचार केला असेल.

यांच्या निवृत्तीची निदान बातमी तरी होते. बहुतेकांची होत नाही. एखादं नाव ड्रॉमध्ये दिसेनासं होतं, क्रमवारीत घसरत जातं आणि बावन्न आठवडे उलटले की पुसलं जातं. मी अशी नावं शोधत राहते. कोणी क्लबमध्ये प्रशिक्षक झालेलं असतं, कोणी मोठ्या खेळाडूचा सरावातला सोबती. हा सोबती काय काम करतो ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. उद्याच्या प्रतिस्पर्ध्यासारखं खेळून दाखवायचं: तोच डावखुरा कोन, तीच फसवी नेट, तोच बॅकहँडवरचा आग्रह. म्हणजे दुसऱ्याचा खेळ आपल्या अंगात उतरवायचा, आणि तोही तिसऱ्याला जिंकवण्यासाठी. यासाठी खेळाची केवढी समज लागत असेल. पॅरिसमध्ये लक्ष्यच्या मार्गदर्शकांत पदुकोण होते, १९८० नंतर चव्वेचाळीस वर्षांनी. मोठ्यांची समज अशी पुढे जाते. साठाव्या क्रमांकावर थांबलेल्याची समज कुठे जाते, याची काळजी मला जास्त वाटते, कारण ती काही कमी प्रतीची नसते.

आमचं सकाळचं सत्र चालवणारा मुलगा त्यातलाच एक. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर काही वर्षं खेळला, गुडघा गेला, थांबला. नवीन मुलांना तो पहिले कित्येक महिने स्मॅश मारूच देत नाही. लंजमध्ये पाऊल शटलच्या दिशेने वळलेलं आहे ना, गुडघा आत कलत नाही ना, मागचा पाय ओढत येतो आहे ना, एवढंच बघत राहतो. पालक कुरकुरतात. शेजारच्या हॉलमधली मुलं कधीची स्मॅश मारायला लागली असं सांगतात. काही जण मुलाला तिकडे घेऊनही जातात. तो बदलत नाही, आणि मी टोपली घेऊन त्याच्या बाजूने उभी राहते. ज्याचं नाव क्रमवारीच्या मधल्या पानांवर संपलं असा एक तरी माणूस प्रत्येक अकादमीत असावा, चांगल्या पगारावर असावा, आणि लहान मुलांचा पहिला कोपरा त्याच्या ताब्यात द्यावा, असं मला मनापासून वाटतं.